कैद्याची दैनंदिनी आणि मळ्यातील मौन

कैद्याच्या लेखनापुढे वाचक सहसा निःशस्त्र होतो. लिहिणारा बंदिवान आहे, एवढ्यावरूनच त्याची बाजू नैतिकदृष्ट्या वरचढ मानण्याकडे कल होतो. कार्ल हान्सन याची सामोआतील युद्धकालीन दैनंदिनी ही सवय अडचणीत आणते. ऑगस्ट १९१४ ते मे १९१५ या काळातील ही दैनंदिनी जेम्स बेड यांनी संपादित करून २०११ मध्ये प्रसिद्ध केली. २९ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूझीलंडचे सैन्य आपिया येथे उतरले, तेव्हा हान्सन तेथील सर्वांत बलाढ्य जर्मन व्यापारी कंपनीचा व्यवस्थापक होता. पुढे त्याला न्यूझीलंडला नेऊन कैदेत ठेवण्यात आले.

परक्या लष्करी सत्तेने त्याचे स्वातंत्र्य हिरावले, हे दुःख खोटे नाही. मात्र ‘स्वातंत्र्य’ हा शब्द येथे निर्धास्तपणे वापरता येत नाही. त्याच्या कंपनीच्या नारळाच्या मळ्यांत मेलानेशियातून करारबद्ध करून आणलेले मजूर राबत. जर्मन सामोआत असे मजूर आणण्याची मुभा याच एका कंपनीला होती. मुदत संपेपर्यंत त्यांना मळा सोडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. त्यांचे दिवसही मोजले गेले, पण हजेरीपटात. दैनंदिनीला लागणारा ‘मी’ त्या नोंदीत मावत नाही.

मग मळेवाल्याची कैद हा काव्यगत न्याय समजावा काय? हे उत्तर मोहक आहे आणि उथळही. हान्सनला पकडणारे मजुरांच्या वतीने आलेले नव्हते; एका साम्राज्याने दुसऱ्याचा मुलूख घेतला, इतकेच. शिवाय त्याच्या यातनेतून मजुरांची यातना वजा करणारा वाचक पुन्हा हिशेबवहीच हाती घेतो. खरी अडचण सहानुभूतीच्या मापाची नसून तिच्या वाटेची आहे: ती लेखणीच्या मागून चालते, आणि लेखणी कोणाच्या हाती होती हे मळ्यानेच ठरविलेले असते. टीकेने ‘साक्ष’ ही संज्ञा उदारपणे वापरताना याचा विचार क्वचितच केला आहे.

याच सामोआत जर्मन प्रशासनाने १९०९ मध्ये लाउआकी नामुलाउउलू मामोए या नेत्याला सायपान बेटावर हद्दपार केले होते. तो वक्ता-प्रमुख होता. त्याचे सामर्थ्य समोर जमलेल्या सभेत होते, आणि शिक्षेने त्याला नेमके त्या सभेपासून तोडले. जर्मन सत्ता गेल्यावर तो मायदेशी निघाला. हान्सनची दैनंदिनी ज्या वर्षी थांबते त्याच १९१५ साली, परतीच्या वाटेवरच, त्याचा मृत्यू झाला.