लेकराचे आजारपण आणि आपला धम्म



देव्हारा विसर्जित केला, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली, आणि वर्षाच्या आत घरातले लेकरू अंथरुणाला खिळले तर? शेजारपाजार कुजबुजतो, "देवी कोपली." घरातली म्हातारी म्हणते, "आषाढात मरीआईला कोंबडं देत हुतो तवर काय झालं न्हवतं." मग सगळ्यांची नजर फिरते ती आईकडे. तिनेच काहीतरी केले असणार!

सोलापुरातील आमच्या एका वस्तीत असेच घडले. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. सहा वर्षांच्या मुलीला हटत नाही असा ताप, मार न लागता पायावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. देवी मानणारे म्हणाले कोप. आणि आपल्यातलेच एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, गेल्या जन्मीचे कर्म. मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा जास्त राग आला. कोपलेल्या देवीची निदान समजूत घालता येते. गेल्या जन्माला बिचारी आई काय उत्तर देणार?

हा प्रश्न तथागतांनाही विचारला गेला होता. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले, माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते, असे काही जण म्हणतात, आपले मत काय? संयुत्त निकायात उत्तर आहे. पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतुबदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात, आणि मग आठवे कर्म. सारे पूर्वकर्मानेच होते म्हणणारे आपल्या ज्ञानापलीकडे धावतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांतच तपासायला घेतला. हा सिद्धांत मानला की गरिबाच्या गरिबीची आणि रोग्याच्या रोगाची जबाबदारी त्याच्याच माथी मारता येते. आपल्या बापजाद्यांच्या माथी ती मारलीच होती.

आणि कोणाला सांगता गेल्या जन्मीचे? परळच्या चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनी पाच अपत्यांपैकी चार गमावली. मागे राहिले एक यशवंतराव. धाकटा राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. ऑगस्टमध्ये दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेब कबूल करतात की या धक्क्यातून आम्ही दोघे सावरलो असे सोंग आणण्यात अर्थ नाही. एवढा मोठा विद्वान, पण दुःख लपवले नाही. त्यानंतर आठ महिन्यांनी ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते. त्या माउलीचे कोणते पाप होते, असे विचारायला आपल्यापैकी कोणाची जीभ रेटेल? मग शेजारणीला विचारताना ती का रेटते?

आता नाजूक गोष्ट. त्या मुलीच्या आईने कोणाला न सांगता तिच्या दंडाला देवीचा काळा दोरा बांधला. नवऱ्याने तो हिसकून तोडला, वर प्रतिज्ञांची आठवण करून दिली. तुम्ही म्हणाल, बरोबर केले. मला ते पटत नाही. प्रतिज्ञा ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायच्या आहेत. त्यांची काठी करून घाबरलेल्या बाईला मारायचे नाही. तिचा दोरा ही तिची भीती आहे, आणि भीती समजुतीने सुटते. पण त्या दोऱ्यापायी दवाखाना सुटत असेल तर मात्र गप्प बसणे हा गुन्हा आहे.

दवाखाना सुटतो तो कसा, तेही पाहा. लहान मुलांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात पहिल्या महिन्या-दीड महिन्याच्या औषधांनी बहुतेकदा ताप जातो, रक्ताची तपासणी चांगली येते, मूल अंगणात खेळू लागते. घरचे म्हणतात, नवस फळला! आणि पुढची औषधे बंद. पण रोगाच्या पेशी शरीरात दडून असतात, म्हणून उपचार दोन-अडीच वर्षे चालवावे लागतात. पुरे केले तर बरीच मुले कायमची बरी होतात. मध्येच सोडले तर रोग परततो, आणि परतलेला रोग फार अवघड. मूल हसू लागते तो दिवसच सर्वांत सावध राहण्याचा असतो. या काळात ताप आला तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच गाठावे, कारण औषधांमुळे अंगची प्रतिकारशक्ती घटलेली असते. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे. पुढे परळचे टाटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, तेव्हा रेशन कार्ड जपून ठेवा. मुंबईत उतरायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे.

अतिसाराने आपल्याच घाणीत लोळणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः अंघोळ घालून उचलून खाटेवर ठेवले, ही कथा आपण वंदनेनंतर ऐकतो. त्याच महावग्गात चांगला शुश्रूषक कोण, हेही सांगितले आहे. ज्याला औषध कळते, पथ्य-कुपथ्य कळते, जो लोभाने सेवा करीत नाही, मलमूत्र-ओकारीची ज्याला किळस नाही, जो रोग्याला धीर देऊ शकतो. यात फक्त बाईने करावे असे कुठे आहे? ओकारीचे भांडे बापानेही धुवावे.

आणखी एक विनंती. त्या घरी जाऊन किसा गोतमीची मोहरी सांगत बसू नका. ती कथा मेलेले मूल कडेवर घेऊन फिरणाऱ्या आईसाठी आहे. श्वास घेणाऱ्या लेकराच्या उशाशी अनित्यता सांगणे हा धम्म नव्हे. तिथे भाकरी घेऊन जा. त्या घरात थोरला भाऊ आहे, आठवीतला. सहा महिने त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. शाळेत तो मागच्या बाकावर जाऊन बसला. त्याचा गृहपाठ घ्यायला वस्तीतल्या एखाद्या पोराने संध्याकाळी जायला काय हरकत आहे?

मुलगी आज उपचाराच्या दुसऱ्या वर्षात आहे. अशा मुलांना रक्त लागते, प्लेटलेट्स लागतात. आपण 14 एप्रिलला रक्तदान शिबिर घेतो, ठीकच. पण प्लेटलेट्स साठवून पाच दिवसच टिकतात. म्हणून प्रत्येक विहारात तरुणांची नावे, रक्तगट आणि फोन नंबर लिहिलेली एक वही हवी, आणि मध्यरात्री फोन आला तर उठणारे दहा जण.