मोजलं कुणाला?

नांदेड, हिंगोली आणि हदगावकडून येणारे रस्ते जिथं मिळतात, तो वारंगा फाटा खिचडीसाठी नावाजलेला. तिथल्या एका हॉटेलमालकाला २०२४ च्या जूनमध्ये गल्ल्यावर बसायला माणूस हवा होता. गावातल्याच एका पदवीधर पोराला त्यानं "एक तारखेपासून ये" असं सांगितलंही.

त्याच सुमारास पेपरात बातमी झळकली: पोलीस भरतीच्या १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "बाजार बसला आता. लोकांच्या हाती पैसाच राहणार नाही." मालकानं धास्ती घेतली. पोराला म्हणाला, "दिवस वाईट आहेत बापू, पुढं बघू."

सप्टेंबरात दुसरी बातमी आली: देशात बेरोजगारी अवघी ३.२ टक्के. आता तीच माणसं म्हणाली, "काम रग्गड आहे, पोरांनाच करायचं नाही." पोरगा तिथंच चहा पीत होता. त्यानं मान खाली घातली.

शेजारी बसलेल्या निवृत्त गुरुजींनी त्याला विचारलं, "उन्हाळ्यात काय केलंस रे?"

"घरची हळद होती गुरुजी. काढली, शिजवली, वाळवली. दीड-दोन महिने त्यातच गेले."

"मजुरी?"

"घरच्या कामाला कसली मजुरी?"

गुरुजी मालकाकडं वळले. "हा ३.२ चा आकडा सरकारच्या श्रमबल पाहणीतला. वर्षात तीस दिवस काम केलं, मग ते घरच्या शेतात बिनपैशाचं का असेना, तर त्या माणसाला तिथं बेरोजगार धरत नाहीत. म्हणजे हा पोरगा त्यात नाही. पोलीस भरतीला मात्र ह्यानं अर्ज भरलाय. तिथं हातात काम असलेलेही अर्ज भरतात, कारण खात्रीचा पगार सगळ्यांनाच हवा असतो. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पण तुमचा धंदा त्या दोन्हींत कुणी मोजलेला नाही. त्याची वही तुमच्याच गल्ल्यात आहे."

मालकानं वही काढून पानं चाळली. तांदूळ-डाळीची पोती गेल्या वर्षीपेक्षा कमी लागलीच नव्हती. उलट गल्ल्यावर माणूस नसल्यानं कितीतरी उधारी लिहायची राहून गेली होती. बातमीच्या धाकानं पोराची कमाई बुडाली आणि मालकाचाही तोटा झाला.

"उद्यापासून ये," मालक पोराला म्हणाला. "दर महिन्याला पगार. अन् भरतीचा अभ्यासही सोडू नको."

तात्पर्य: बेरोजगारीची बातमी वाचून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. आकड्यात कुणाला धरलं आणि कुणाला वगळलं, हे आधी विचारावं. बातमी देणाऱ्यानंही ते मथळ्याइतक्याच ठळकपणे सांगावं, कारण त्याच्या एका ओळीवर कुणाची तरी नोकरी ठरत असते.