बादलीभर पुण्य

फिशटँकचं पाणी बदलून झालं की मला स्वतःबद्दल फार बरं वाटतं. बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत ओले, काचेपलीकडे दोन गोल्डफिश ताज्या पाण्यात झपझप फिरतायत, आणि आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं असा भाव मनात ऐटीत येऊन बसतो. आठवडाभरात असं वाटण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. म्हणूनच या भावाची एकदा झडती घ्यायचं ठरवलं. एका बादलीत मिळणारं समाधान इतकं स्वस्त कसं, हा साधा प्रश्न आहे.

काम तसं किरकोळ. टाकी दोन फुटी; खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पंचेचाळीस-पन्नास लिटर पाणी. त्यातलं पाव, म्हणजे एक बादली, काढायचं. सायफनचं रुंद तोंड खड्यांत खुपसायचं आणि नळीचं दुसरं टोक खाली बादलीत सोडायचं. पाणी ओढू लागलं की रुंद नळकांड्यात खडे वर उसळतात, एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्यामधून तपकिरी लोट सुटतो. खडे जड, ते पुन्हा खाली बसतात. गाळ हलका, तो नळीतून निघून जातो. नळी चिमटीत दाबून धार थांबवायची, दोन बोटं पुढे सरकायचं, पुन्हा खुपसायचं. वरून चकचकीत दिसणाऱ्या खड्यांखाली एवढं साठलेलं असतं, यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

बादलीतला हा गाळ निरखला तर त्यात माशांची विष्ठा असतेच. पण भिजून फुगलेले, बुरशी धरलेले खाद्याचे दाणेही असतात. ते वरून पडलेले असतात, आणि टाकणारा हात माझाच. गोल्डफिशला जठर नसतं. दिवसभर थोडं थोडं चरत राहणारा हा प्राणी. कधीही समोर जा, तो भुकेलाच दिसणार. मी घरी आलो की दोघं काचेला तोंड लावून शेपट्या हलवतात. दिवसभर कोणी ना कोणी बोलून घेतलेल्या माणसाला हे स्वागत मोलाचं वाटतं. सकाळी चिमूटभर दाणे पडलेले असतात, तरी संध्याकाळी आणखी एक चिमूट पडते. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालावं, हा नियम मला पाठ आहे. तरी हात सैल सुटतो, कारण त्या घटकेला मी त्यांची भूक बघत नसतो. माझ्या येण्याने कोणाला तरी आनंद झाला, एवढं मला बघायचं असतं. मग जी घाण मी ‘माशांची’ म्हणून उपसतो, तिच्यातली किती माशांची आणि किती माझ्या हौसेची?

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पाहुणे यायचे असले की आमची काच घासली जाते. हिरवट शेवाळ दिसलं की मी अस्वस्थ होतो. खरं म्हणजे काचेवरच्या शेवाळाने मासा मरत नाही. त्याच्या जिवावर उठतो तो अमोनिया. तो माशाच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडत असतो, सडक्या दाण्यांतूनही सुटतो, आणि पाण्यात दिसत नाही. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइट वाढलं तर माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही; पंपाचे बुडबुडे सुटत असतात आणि मासा वर येऊन धापा टाकत असतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साठत जातं, आणि लहान टाकीतून ते कमी करायचं तर पाणी बदलावंच लागतं. काचेतून नितळ दिसणारं पाणी परीक्षानळीत घेऊन अमोनियाच्या तपासणीचे थेंब टाकले, की पिवळं राहायला हवं ते हळूहळू हिरवं होताना मी पाहिलं आहे. उन्हाळ्यात पाणी तापलं की तेवढाच अमोनिया जास्त घातक ठरतो. म्हणजे सोफ्यावरून टाकी सगळ्यात देखणी दिसते, त्याच दिवशी आत जीव गुदमरत असू शकतो. हे ठाऊक असूनही माझा हात आधी काचेकडे जातो. तपासणीची बाटली कपाटात मागे असते, काच पुसायचं फडकं पुढे.

याच्या उलटही एक मोह असतो. दिवाळीआधी डबे घासायला काढावेत तसं सगळं एकदा बाहेर काढावं, खडे नळाखाली खळखळून धुवावेत, स्पंज पिळून पांढराशुभ्र करावा! तसं केलं तर घाणीबरोबर ते जीवाणूही जातात. उरलेसुरले नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मरतात, आणि त्यांची वस्ती पुन्हा बसायला काही आठवडे लागतात. म्हणून एका खेपेला निम्मेच खडे उपसायचे, बाकीचे पुढच्या खेपेला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. नव्या पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब टाकायचे आणि ते टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार आहे ना, हे बघून मगच ओतायचं. माझ्यासारख्याला यातलं सगळ्यात अवघड काय, तर निम्मं सोडून उठणं. काम केल्यासारखं दिसत नाही ना!

मध्यंतरी खाद्य आणायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “दादा, एक सकर मासा टाका. काच, खडे, सगळं चाटून साफ ठेवतो. तुम्हाला हात घालायला नको.” मी नको म्हटलं. मात्र त्या नकारात तत्त्व नव्हतं, टाकीत जागा नव्हती एवढंच. तुम्हाला हात घालायला नको, हे शब्द मात्र कानाला फार गोड लागले. सकर शेवाळ खरवडतो, पण इतर माशांची विष्ठा काही खात नाही. उलट स्वतःची भर घालतो. वाढून फूट-दीड फूट होतो. मग टाकीत मावत नाही म्हणून लोक त्याला नदीत सोडतात, आणि एका जिवाला मोकळं केलं म्हणून हात जोडतात. आमच्या पुण्याच्या मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनी धरणात जातं. तिथले मच्छीमार आज या परक्या माशाला वैतागले आहेत. त्याच्या कडक कवच-काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. कोणाचं तरी पुण्य तिकडे कोणाच्या तरी जाळ्यात अडकतं. माझी बादली उजनीपर्यंत जात नाही, हे खरं. पण ते समाधान आणि माझं समाधान एकाच जातीचं आहे, हे मला नाकारता येत नाही.

आणि हात घालायला नको ही सोय मला घरात आहेच. पाणी बदलताना फरशीवर सांडतं, ते पुसतात घरकामाला येणाऱ्या मावशी. एकदा पोछा पिळता पिळता हसून म्हणाल्या, “माशांची मजा आहे, दादा. आठवड्याला ताजं पाणी. आमच्याकडं टँकर आला तर आला.” मी घाईने म्हटलं, “वाया नाही जात हो मावशी, कुंड्यांना घालतो.” ते खरंच होतं, नायट्रेट झाडांना खत म्हणून चालतं. पण वाया जातं का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. घरातली बाकी सगळी घाण त्या काढतात आणि त्यांना त्यात काही मोठेपणा वाटत नाही. मी एक टाकी साफ करतो आणि दिवसभर त्यावर खूश असतो. छंद म्हणून केलेल्या कामाला पुण्याचा वास येतो, पोटासाठी केलेल्या कामाला येत नाही, हा हिशेब कोणी ठरवला? निदान माझ्या घरात तरी मीच ठरवला असणार.

एवढं उपसल्यावर तळाशी एक प्रश्न उरतो, तो मी सगळ्यात जास्त टाळला आहे. गोल्डफिश ही कार्पच्या कुळातली जात. नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं सहज जगते, आणि जागा मिळाली तर वीतभराच्या पुढे वाढते. रोम शहराने २००५ साली गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी केली, ती बातमी वाचून मी हसलो होतो. माझं भांडं गोल नाही, चौकोनी आहे, एवढाच काय तो फरक. दोन वाढत्या गोल्डफिशना दोन फुटी टाकी अपुरी आहे. पाणी इतक्या लवकर खराब होतं तेही त्यामुळेच. म्हणजे आठवड्याच्या आठवड्याला ज्या त्रासातून मी त्यांना सोडवतो, तो मीच त्यांना दिलेला आहे. व्याज वेळच्या वेळी भरतो म्हणून मी स्वतःला प्रामाणिक समजतो. मुद्दल मात्र तसंच पडून आहे.

मोठी टाकी का घेतली नाही, असं कोणी विचारलं तर जागा नाही म्हणून सांगतो. परवा टेप लावून मोजलं. खिडकीजवळची शोकेस हलवली तर चार फुटांची टाकी आरामात बसते. शोकेसमध्ये कपबश्यांचे न वापरलेले दोन सेट आहेत, कुठल्याशा कार्यक्रमात मिळालेली मानचिन्हं आहेत, आणि आल्यागेल्याच्या नजरेला ती पडावीत म्हणून आत दिवा आहे. जागा नव्हती असं म्हणणं सोपं होतं. जागा मानचिन्हांना दिली होती, असं म्हणायला हवं होतं. शोकेस उचलायला दोन माणसं लागतील, घरात एक वाद होईल, आणि मोठ्या टाकीला बादल्याही जास्त लागतील. माशांसाठी मी खरंच काही करतो की नाही, हे त्या वादात मी कोणती बाजू घेतो त्यावरून कळेल. तोवर पाणी बदलत राहणं भाग आहे. पण ते केल्यावर जे बरं वाटतं, त्यावर माझा अजून हक्क नाही.