न ओळखलेले रोप

मागील पावसाळ्याच्या आरंभी आम्ही अंगणातील जुन्या डब्यात बालाघाटच्या डोंगरातील सीताफळांच्या बिया पेरल्या. काही दिवसांनी एक रोप वर आले. पाने नाजूक, बारीक कातरलेली. घरात कोणी त्याला शेवंती म्हटले, कोणी गाजर. खुरपणीत आयुष्य घालविलेल्या शेजारच्या मावशी मात्र पाहताक्षणी म्हणाल्या, "हे गाजरगवत हाय. फुलं यायच्या आत उपटून टाका." आम्हांला गहू आणि निदण यांचा दाखला आठवला. निवाड्याची घाई नको, असे म्हणून आम्ही ते वाढू दिले.

महिनाभरात त्यावर पांढरी फुले आली. याचे एक झाड हजारो बिया टाकते, हे कळताच आम्ही ते घाईने उपटले. आणि त्याच्या मुळांत गुंतलेला सीताफळाचा कोवळा कोंबही हाती आला.

आमचे चुकले कोठे? परके ते वाईट, असा नियम नाही. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत मूळचे अमेरिकेतील. पण सीताफळही तेथलेच. ते या मातीत रुजले, त्याला सीतेचे नाव मिळाले आणि 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही लाभले.

दाखल्यातील धनी चाकरांना थांबवितो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाण्याचे भय असते. कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात. ओंबी आल्यावर भेद कळतो. आमच्यापाशी तर ओळखणारी व्यक्ती दारातच उभी होती. मावशी शाळेत गेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचा शब्द आम्हांला हलका वाटला. ज्याला आम्ही सहनशीलता समजलो, तो अहंकार होता.

उलट, जेथे खरोखर थांबायला हवे, तेथे आम्ही थांबत नाही. ऊसतोडीच्या फडावरून आईबापांसह परतलेले मूल वर्गात मागे पडलेले दिसले, की "हे शिकायचे नाही" असा निकाल आम्ही पहिल्याच दिवशी देतो. रोप पानांवरून ओळखता येते. मुलाच्या अंतरी काय पेरले आहे, हे पेरणाऱ्यालाच ठाऊक. जेथे जाणता येते तेथे विचारावे, जेथे जाणता येत नाही तेथे वाट पाहावी.

डब्यात आम्ही पुन्हा बिया घातल्या आहेत. या वेळी पहिले पान फुटताच मावशींना हाक मारू.