निषिद्ध शस्त्र आणि न विचारण्याचे पैसे



चांगल्या मनुष्याच्या हातीं कोयता असला तरी तो लांकूडच तोडतो, आणि वाईटाला दगडही पुरतो. मग अमुक जातीची बंदूक बाळगूं नये असा कायदा करून सरकारनें काय साधिलें? अशी शंका आपल्या मंडळ्यांत निघते, आणि ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. आपल्या देशांत तर ह्या कायद्याचा जन्मच अविश्वासांतून झाला. १८७८ सालच्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी प्रजेस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली, आणि युरोपियनांस त्यांतून सूट दिली. राजाला प्रजेचें भय वाटलें म्हणून केलेला तो कायदा न्याय्य नव्हता, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करितों.

स्वराज्यांत १९५९ सालीं झालेल्या शस्त्रकायद्याची दृष्टि मात्र निराळी आहे. पिकाच्या राखणीसाठीं शेतकऱ्यास परवाना घेऊन बंदूक ठेवितां येते. परंतु घोडा दाबून धरला म्हणजे मॅगझिन रिकामें होईपर्यंत जिच्या गोळ्या सुटतच राहतात, ती बंदूक ‘निषिद्ध शस्त्र’ ठरली आहे; केंद्र सरकारच्या खास परवानगीवांचून ती कोणास बाळगतां येत नाहीं. येथें कायदा मनुष्याचें मन तपाशीत बसला नाहीं. त्यानें यंत्र पाहिलें. अमेरिकेंत १९९४ सालीं दहांहून अधिक गोळ्यांचें नवें मॅगझिन विकण्याची बंदी झाली व २००४ सालीं ती संपूं दिली; आतां तेथील कांहीं राज्यांनीं आपापले कायदे ठेविले आहेत. तेथेंही वाद हाच, कीं दोष हाताचा कीं हत्याराचा?

आमच्या मतें फरक आहे तो दोन वारांमधील वेळाचा. कोयता चालविणाऱ्यास प्रत्येक वारासाठीं हात उचलावा लागतो. समोरच्याचें तोंड दिसतें, आक्रोश ऐकूं येतो, कोणी मागून मनगट धरितो. गेथशेमाने बागेंत पेत्रानें तरवार उपसली तेव्हां एक कान गेला, आणि दुसरा वार होण्याआधीं प्रभूचा शब्द त्याच्या कानीं पडला. त्याच्या हातीं तीस गोळ्यांचें मॅगझिन असतें तर त्या शब्दाला जागा कोठें होती? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर दोघां तरुणांनीं अशा बंदुका व हातबाँब घेऊन पन्नासांहून अधिक माणसें मारिलीं. मनुष्याला थांबण्यासाठीं जी फट लागते, तीच हें यंत्र बुजवून टाकितें. विहिरीला कठडा बांधणारा गांवकऱ्यांस वेडे समजतो असें कोणी म्हणत नाहीं.

इतकें पटलें तरी आपल्या किनाऱ्यावर गोष्ट येथें संपत नाहीं. १९९३ सालच्या जानेवारींत दिघीस व फेब्रुवारींत शेखाडीस चोरटा माल उतरला. शेखाडीच्या मालांत एके-५६ बंदुका, हातबाँब आणि आरडीएक्स नांवाचें स्फोटक द्रव्य होतें. १२ मार्च रोजीं मुंबईंत २५७ माणसें मेलीं. तीं बंदुकांनीं नव्हे, स्फोटकांनीं मेलीं. पण दोन्हींची वाट एकच होती, आणि ती एका रात्रींत पडलेली नव्हती. सोनें-चांदी पूर्वींपासून उतरत असे. कोणाचें पोट मारलें जात नाहीं, सरकारची जकात तेवढी बुडते, असें म्हणून खाडीकांठचा शहाणा मनुष्यही तोंड फिरवी. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनीं अडविला. लाच ठरली, आणि रोकड येईपर्यंत चांदीच्या विटा तारण ठेवून माल पुढें सोडण्यांत आला. पुढें न्यायालयानें कांहीं पोलिसांस व कस्टमच्या अधिकाऱ्यांस दोषी ठरविलें. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ सालीं लागला.

पेटींत काय होतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें, असें ओझें वाहणारा म्हणेल. तें खरेंही असेल. परंतु ठाऊक नसणें निराळें, आणि ठाऊक करून न घेण्याबद्दल पैसे घेणें निराळें. केवळ ओझ्याचेच पैसे असते तर ते दिवसाच्या मजुरीइतकेच मिळाले असते. अधिक मिळाले ते न विचारण्याचे. हा सौदा कोळीवाड्यांत होतो तसा कचेरींतही होतो, आणि आम्हां उपदेशकांस दान देणारा तें कोठून आणितो हें आम्हीही नेहमींच विचारितों असें नाहीं.

२००८ सालच्या त्याच रात्रीं, बारा वाजून गेल्यावर, गिरगांव चौपाटीवर पोलीस खात्यांतले तुकाराम ओंबळे पहाऱ्यावर होते. हातीं लाठी. त्यांनीं अडविलेल्या मोटारींतील तरुणाच्या बंदुकीची नळी धरिली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि सोबत्यांनीं त्या तरुणास जिवंत पकडीपर्यंत ती सोडिली नाहीं. ते ज्या खात्यांत होते, गोंडघर फाट्यावरील मंडळीही त्याच खात्यांतली होती.