आडपडदा कुणासाठी?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषातज्ज्ञ नाही. तरीही काही वर्षांपूर्वी सिंगापूरला नोकरी करत असताना माझ्याकडे एक वेगळंच काम आलं. चिनी भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका ॲपमध्ये बोलीभाषेतल्या शब्दांचा विभाग करायचा होता. चिनी अर्थ लिहायचे माझ्या सहकारी मुलीनं, ती मूळची चेंगदूची. 'बोलीभाषा', 'ब्रिटिश', 'अमेरिकन' असे शिक्के मारायचे आणि उदाहरणं घालायची मी.

एका आठवड्यात वाट्याला आले चुंबनाचे आणि स्लो डान्सचे शब्द. दोघंही एकमेकांकडे न बघता काम करत होतो. 'पेक' म्हणजे पाखरानं दाणा टिपावा तसे गालाला ओठ टेकवून बाजूला होणं. 'स्नॉग' ब्रिटिशांचा, 'पॅश' ऑस्ट्रेलियातला, 'मेक आउट' अमेरिकन. तिन्हींत रेंगाळणारं चुंबन. 'स्मूच'वर मी स्वतःच अडखळलो. कॉलेजात आम्हाला त्याचा एकच अर्थ माहीत होता, ओठांचं लांबलचक चुंबन. ब्रिटनमध्ये मात्र एकमेकांना बिलगून संथपणे नाचण्यालाही स्मूच म्हणतात. आणि 'स्लो डान्स'मध्ये शिकण्यासारखी पावलं जवळजवळ नसतातच. एकमेकांभोवती हात टाकून जागच्या जागी डोलायचं. नुसतं संथ गाण्यावर नाचलं म्हणजे स्लो डान्स झाला असं नाही; दोघांत अंतर किती, हे महत्त्वाचं.

'मेक आउट'पाशी सहकारी थांबली. चिनीत चुंबनाला सरळ शब्द आहेत. 'जिएवन' जरा पुस्तकी, आपल्या 'चुंबना'सारखा. 'छिनत्स्वेइ' घरगुती, 'मुका घेणे'च्या जवळचा. तिनं दोन्ही टाळले आणि तिसराच शब्द लिहिला. त्यातलं पहिलं अक्षर 'जवळचं', दुसरं 'उष्ण'. प्रेमिकांच्या शारीरिक जवळिकीसाठी तो वापरतात, आणि कुणाशी आपुलकीनं वागण्यासाठीही. मराठीत मी 'जवळीक' लिहिलं असतं, तसंच हे. अर्थ चुकीचा नव्हता. मी त्यावर 'बोलीभाषा' असा शिक्का मारला आणि पुढे गेलो.

काही महिन्यांनी तक्रार आली. एका विद्यार्थ्यानं वर्गाच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं होतं, की काल पार्टीत त्यानं अमुक मुलीबरोबर स्लो डान्स केला आणि त्यांनी 'मेक आउट' केलं. दोघं संथ गाण्यावर हातभर अंतर ठेवून नाचले होते आणि गप्पा मारल्या होत्या. छान गट्टी जमली, एवढंच त्याला सांगायचं होतं. वर्गानं वाचलं ते वेगळंच. ती मुलगी दोन आठवडे वर्गात गेली नाही. तक्रार तिनंच केली होती. तिनं आमचं ॲप कधी उघडलंही नव्हतं.

मॅनेजरनं सांगितलं, अर्थ कोशाशी ताडून बघा. ताडला, बरोबर निघाला. तक्रार बंद झाली. आमच्या धंद्यात 'बरोबर आहे' म्हटलं की विषय संपतो. मला मात्र प्रश्न पडला, की बरोबर असणं पुरेसं असतं का? ज्या माणसाशी आपला काही व्यवहारच नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का?

मी सहकाऱ्याला विचारलं, सरळ शब्द का नाही लिहिलास? ती म्हणाली, "हात झाला नाही." तिची आई ऐंशीच्या दशकात तरुण होती. गालाला गाल लावून नाचण्याला चिनीत 'थिएम्येनवू' म्हणतात, म्हणजे चेहरा चिकटवून केलेला नाच. आई तो शब्द आजही आवाज खाली आणून उच्चारते. त्याला कारण आहे. १९७९ साली एका लोकप्रिय चिनी सिनेमासिकानं मलपृष्ठावर एका ब्रिटिश चित्रपटातलं चुंबनाचं दृश्य छापलं, तेव्हा संतापलेल्या वाचकाच्या पत्रावरून देशभर वाद पेटला. त्याच वर्षीच्या फौजदारी कायद्यात 'गुंडगिरी' नावाचा एक सैल गुन्हा होता. १९८३च्या मोहिमेत खासगी नाचाच्या पार्ट्या भरवणारेही त्यात अडकले. तो गुन्हा कायद्यातून गेला १९९७ साली. अशा घरात वाढलेल्या मुलीचा हात थबकला, तर तिला दोष कसा देणार? आणि मी तरी काय मोठा धीट? आईला फोनवर कामाबद्दल सांगताना मी 'इंग्रजी शब्दांचं काम' एवढंच म्हणालो होतो.

आडपडदा वाईट असतो, असं मला म्हणायचं नाही. आपल्या भाषेत तो नीट काम करतो, कारण पडद्यामागे काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'त्यांची जवळीक वाढली' हे वाक्य कुठे साधं आणि कुठे सूचक, ते मराठी माणसाला सुरावरून कळतं. पण परकी भाषा शिकणाऱ्याला फक्त पडदा दिसतो. मागचं त्याला आपणच सांगायचं असतं. आम्ही संकोचलो, त्यामुळे त्याला काही कळलं नाही, आणि किंमत मोजली तिसऱ्याच व्यक्तीनं. उघडं बोलल्यावर ओशाळं वाटलं असतं ते आम्हाला, आणि तेही पाच मिनिटं.

कुणी म्हणेल, शब्द वापरण्याआधी त्या मुलानं विचारायला हवं होतं. हवं होतंच. पण विचारायचं कुणाला? शब्द माहीत नाही, हे माणसाला कळतं. अर्धाच माहीत आहे, हे कळत नाही. आमच्या नोंदीत शंका घ्यायला जागाच नव्हती. उलट 'बोलीभाषा' या शिक्क्यानं त्याला वाटलं, की हा मित्रांत बोलायचा साधा शब्द आहे.

पुढे आम्ही त्या सगळ्या नोंदी पुन्हा लिहिल्या. चुंबन आहे तिथे चुंबन म्हटलं. शरीराचा संबंध कुठवर येतो, ते लिहिलं. एक नवी ओळ घातली : हा शब्द दुसऱ्याबद्दल बोललात, तर ऐकणारा त्या व्यक्तीविषयी काय समजेल? ही ओळ भरायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. सहकारी 'जिएवन' टाइप करताना पहिल्या दिवशी हसली, मग सवय झाली.

त्या मुलीला आम्ही दोघांनी मिळून माफीचं पत्र लिहिलं. कोशात अर्थ बरोबर होता, हे त्यात लिहिलं नाही. तिचं उत्तर आलं नाही. ते यावं अशी अपेक्षा धरण्याचा आम्हाला हक्कही नव्हता.