शेवटच्या घरचा नळ

अक्का प्रार्थनेला उभ्या राहिल्या की लवकर खाली बसत नाहीत, हे मंडळीतल्या शब्बाथ शाळेच्या मुलांनाही ठाऊक होतं. आजाऱ्यांसाठी, दहावीला बसलेल्यांसाठी, काम सुटलेल्यांसाठी, पावसासाठी त्या एकेकाचं नाव घेऊन देवाजवळ मागत. एक नाव मात्र त्या घेत नसत. ‘जे आमच्यावर खोटे आरोप करतात त्यांना तू क्षमा कर, बापा,’ एवढंच म्हणत, आणि महिला मंडळातल्या बायका जरा जोरातच ‘आमेन’ म्हणत. आरोप करणारी कोण, ते सगळ्यांना माहीत होतं. अक्कांच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहणारी, त्यांच्यासारखीच विड्या वळणारी एक तेलुगू बाई.

अक्कांचं आयुष्य सोपं गेलेलं नाही, हे आधी सांगायला हवं. मालक गिरणीत होते. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यात त्यांचीही गेली. देणं हातात पडायला वर्षं लागली. तेव्हा दोन मुलं आणि सासू यांचं पोट अक्कांच्या बोटांवर चाललं. तंबाखूचं काम विश्वासणाऱ्यानं करावं का, असं एका पाहुण्या प्रचारकानं त्यांना एकदा विचारलं होतं. ‘दुसरं काम द्या, आजच सोडते,’ अक्का म्हणाल्या. प्रचारकाजवळ उत्तर नव्हतं. अक्का त्या रविवारीही पहिल्या बाकावर होत्या. धाकटी मुलगी तापानं गेली त्या आठवड्यातही त्या तिथेच बसल्या होत्या. असा त्यांचा विश्वास, आणि त्याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. म्हणूनच पुढचं सांगावंसं वाटतं.

भांडण पाण्यावरून झालं होतं. सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. उजनीचं धरण याच जिल्ह्यात, भीमेवर; पण तिथून शहरात येणारी जलवाहिनी शंभर किलोमीटरच्या वर लांब, आणि नळाला पाणी येतं चौथ्या-पाचव्या दिवशी. कधी पहाटे, कधी रात्री दोनला. ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरात कुणी तरी जागं राहतं. बॅरल, हंडे, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून घ्यायची. अक्कांचा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागला आणि पहिल्या बोनसमधून त्यानं अर्ध्या एचपीची मोटार आणून नळाला जोडली. तोवर गल्लीत आणखी तिघांनी जोडल्या होत्या. मोटार सुरू केली की लाईनमधलं पाणी खेचलं जातं आणि वरच्या अंगाची घरं झटपट भरतात. खालच्या अंगाला नळातून फुस्स असा वारा येतो आणि करंगळीएवढी धार.

एका उन्हाळ्यात, अशाच एका रात्री, शेवटच्या घरातली बाई रिकामी घागर घेऊन अक्कांच्या दारात आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, ‘येशू येशू करता आणि लोकांचं पाणी चोरता!’

प्रभूचं नाव घेऊन बोलली, हे अक्कांना लागलं. त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी महिला मंडळात रडत रडत सांगितलं, की नावासाठी निंदा सोसावी लागते आहे. बायकांनी हात धरले, प्रार्थना केली. पाळकसाहेब मंडळीत नवे होते. छळाच्या वेळी धीर धरण्याबद्दल दोन शब्द बोलले. त्या खोलीत एकीनंही विचारलं नाही, की अक्का, मोटार आहे का हो तुमच्याकडे? मंडळी म्हणून आमची मोठी चूक तीच झाली. माणूस दुखावलेला आला की आम्ही त्याला जवळ घेतो, हे चांगलंच आहे. पण त्याच्यावर झालेला आरोप खरा आहे का, हे विचारण्याएवढं प्रेम आम्ही करत नाही.

त्या वर्षी नाताळ मोठा थाटात झाला. अक्कांच्या करंज्या आणि शंकरपाळे गल्लीभर वाटले जातात. ताटावर क्रोशाचा रुमाल, आणि दारातून ‘सलाम’ म्हणून आत जायचं. कॅरलवाली पोरं डफ आणि गिटार घेऊन रात्री आली की पद्मशाली घरांतली, मुसलमानांची, सगळ्यांची मुलं पांघरुणं गुंडाळून मागे फिरतात. दरवर्षी गाणी शेवटच्या घरापर्यंत जात. त्या वर्षी अक्का पोरांना म्हणाल्या, ‘इथूनच वळा रे, उशीर झालाय.’ शेवटच्या घरातली दोन मुलं उंबऱ्यावर उभी होती. ताटही तिकडे गेलं नाही.

मग मार्चमधला एक शनिवार आला. पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपवासाचे दिवस चालू होते आणि सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर बसायला लागलं होतं. अक्का माल घेऊन विडी कारखान्यात गेल्या. रांगेत त्यांच्या पुढे तीच बाई. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. चेकरनं तिची टोपली पुढे ओढली, एक बंडल सोडलं, पंचवीस विड्या तळहातावर पसरल्या आणि निम्म्या बाजूला टाकल्या. दुसरं सोडलं, तेच. ‘छाट,’ तो म्हणाला. ‘पान फाटलंय सगळं. काय वळून आणलंय हे?’

बाजूला पडलेल्या विड्यांतली एक अक्कांच्या पायाशी आली. त्यांनी ती उचलली, अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली. पान उभं चिरलेलं होतं, दोऱ्याच्या वर बारीक भेग, आणि त्या भेगेतून तंबाखू सांडत होता. चाळीस वर्षं विड्या वळणाऱ्या बाईला हे वाचायला चष्मा लागत नाही. तेंदूचं पान आदल्या दिवशी पाण्यात बुडवून काढावं लागतं, ओल्या पोत्यात गुंडाळून रात्रभर ठेवावं लागतं. मग ते मऊ होतं, कात्रीखाली नीट कापलं जातं, बोटांत वळतं. पाणी कमी पडलं, नुसतं शिंपडून भागवलं, तर वळताना टचकन चिरतं. हात कितीही कसबी असो. आणि या बाईचा हात कसबी होता. पूर्वी दोघी एकाच ओट्यावर बसून वळत, तेव्हा अक्कांनी तो पाहिला होता.

आदल्या गुरुवारी पाण्याचा दिवस होता. अक्कांची टाकी भरून वाहिली होती, हे त्यांना आठवलं. मुलानं उरलेल्या पाण्यानं मोटारसायकल धुतली होती.

छाट विड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि पान-तंबाखू कमी भरला तर तो पदरचा घालावा लागतो. बाई काही बोलली नाही. रिकामी टोपली काखेत मारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. पहिल्या बाकावरून अक्काच आधी उठायच्या, हा शिरस्ता. त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. मागच्या बाकांवरची माणसं त्यांना ओलांडून पुढे गेली. कुणाला वाटलं पाय दुखतोय, कुणाला वाटलं घरात काही झालं. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जावं, असं प्रभूनं सांगितलेलं त्यांनी शंभरदा ऐकलं असेल, शब्बाथ शाळेत पाठही करून घेतलं असेल. त्या सकाळी ते त्यांना बाकावरून हलू देईना.

अक्कांच्या पणजी 1899-1900 च्या दुष्काळात मोहोळकडच्या एका खेड्यातून चालत मिशनच्या आसऱ्याला आल्या होत्या. आजी सांगायच्या, की गावातल्या विहिरीच्या काठावर पणजीला पाय ठेवता येत नसे. रिकामं मडकं पुढ्यात ठेवून लांब बसायचं आणि कुणी दयाळू माणूस येऊन वरून पाणी ओतील याची वाट बघायची. ऊन चढलं तरी बसायचं. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन डॉ. आंबेडकरांनी जे केलं, त्याच्या मागे अशा लाखो मडक्यांची वाट बघणं होतं. आपल्या पणजीला जिथे बसवलं होतं तिथे आपण दुसऱ्या बाईला बसवलं, ही गोष्ट अक्कांना त्या बाकावर कळली, असं त्यांनी पुढे मला सांगितलं. तोवर त्या स्वतःला छळ सोसणारी समजत होत्या.

मराठी ख्रिस्ती घरांत लक्ष्मीबाई टिळकांचं नाव निघतं ते बहुधा त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे, त्यांच्या विनोदामुळे. मला त्यांची आठवण पाण्यामुळे येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. लक्ष्मीबाई त्या ताटातुटीत काही काळ याच जिल्ह्यात, पंढरपुरात होत्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. तो वेगळेपणा त्यांनी कुणाच्या उपदेशानं सोडला नाही. माणसामाणसांत हा भेद देवानं केलेला असेल का, यावर स्वतःशी विचार केला आणि मग कुणाच्याही हातचं पाणी चालेल असं ठरवून टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आधी पाण्याचा हंडा, मग बाप्तिस्म्याचं पाणी, हा त्यांचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण पुष्कळांनी तो उलटा केला, आणि हंड्यापर्यंत पोचायचं राहूनच गेलं.

अक्का घरी आल्या आणि मुलाला म्हणाल्या, ‘मोटार काढ.’

‘आई, वेड लागलंय का? सगळे लावतात. आपण काढली तर आपल्यालाच पाणी मिळायचं नाही. वरचे तिघं खेचतील.’

‘खेचू देत.’

‘मग तिला कुठं मिळणार आहे? नुसतं आपलं नुकसान.’

मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हिशेब त्याचा बरोबर होता आणि अक्कांजवळ त्याला उत्तर नव्हतं. ‘ते मला माहीत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण तिच्या वाटचं पाणी पिऊन मी प्रार्थनेला उभी राहणार नाही.’ मुलगा दोन दिवस बोलला नाही. मालकांनी उठून पाना घेतला आणि जोडणी सोडवली. गिरणीतला माणूस, नट कुठून फिरवायचा ते त्यांना सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी अक्का शेवटच्या घरी गेल्या. हे सगळ्यांत अवघड होतं, त्या म्हणतात. मुलगी गेली तेव्हा देवासमोर उभं राहणंही इतकं जड गेलं नव्हतं. दारातच सांगितलं, ‘तू बोललीस ते खरं होतं. मी तुला खोटी म्हणाले, चार बायकांत म्हणाले. चुकलं माझं. मोटार काढली आहे.’

त्या बाईनं पदरानं हात पुसले. आत या म्हणाली नाही. ‘आता उन्हाळा येतोय, अक्का,’ ती म्हणाली. ‘बघू.’

पुढच्या बुधवारी महिला मंडळातही त्यांनी ते सांगितलं. ज्यांनी वर्षभर आमेन म्हटलं होतं त्या बायका गप्प झाल्या. साक्ष द्यायला माणसं आनंदानं उभी राहतात. आजार बरा झाला, नोकरी लागली, असं सांगतात. ही साक्ष कुणाला ऐकायची नव्हती. पाळकसाहेबांनी मात्र, मीही विचारायला हवं होतं, एवढं म्हणून डोकं खाली घातलं.

एप्रिल-मे कठीण गेला. अक्कांच्या घरात पाणी पुरेना. रात्री दोनला उठून नळाखाली बादली धरून बसायचं, भांड्याचं पाणी झाडाला, आंघोळ एका बादलीत दोघांची. सून यायची होती घरात, आणि सासूबाईंनी मोटार काढली म्हणून पाहुण्यांत कुजबुज. मुलाच्या हिशेबाप्रमाणे वरची तीन घरं खेचतच होती. पुढे त्यांतल्या एकानं स्वतःहून मोटार बंद केली. अक्कांनी त्याला काही सांगितलं नव्हतं. दुसरा त्याचं बघून तयार झाला, तोही पाण्याच्या दिवशी पहिला एक तास सोडून. तिसऱ्याची मोटार आजही चालू आहे. शेवटच्या घरच्या नळाला आता धार येते. भरपूर नाही, पण पानं भिजवून, पिण्याचं भरून होतं. त्या बाईच्या विड्या छाटात जात नाहीत.

मुलाचं लग्न मेअखेर झालं. लग्नाच्या सकाळी सांगितलेला टँकर आलाच नाही. मांडवात दोनशे माणसं जेवायची, आचारी हातावर हात ठेवून बसलेला, पाण्याचा दिवस दोन दिवसांवर. पहिली घागर शेवटच्या घरातून आली. ‘अक्का, कुठं ओतू?’ ती बाई म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आचाऱ्याच्या पिंपात ओतून दुसरी आणायला गेली. तिच्या मागे गल्लीतल्या बायका निघाल्या. जेवण तासभर उशिरा झालं, पण झालं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, मटण. संध्याकाळी पोरांनी गाणी म्हटली ती शेवटच्या घरासमोर उभं राहून.

या दोघी आता मैत्रिणी झाल्या आहेत असं मी म्हणणार नाही. ओट्यावर एकत्र बसून वळतात, अधूनमधून कशावरून तरी वादही होतो. अक्का प्रार्थनेला अजून उभ्या राहतात. मंडळीतली मुलं म्हणतात, हल्ली लवकर खाली बसतात.

आपल्या मंडळ्यांत कॉटेज मीटिंगसाठी घरं ठरवताना आपण वार बघतो, चहाची सोय बघतो. या उन्हाळ्यात एक काम आणखी करावं, अशी माझी पाळकांना, महिला मंडळांना आणि तरुण संघांना विनंती आहे. मीटिंग ज्या गल्लीत असेल तिथे पाण्याच्या दिवशी दोघातिघांनी जावं, शेवटच्या घराचं दार वाजवावं आणि नळाला किती धार येते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावं.